तीन कर्जं, तीन वसुलीवाले: कुणाला किती अधिकार?

पंचगंगाकाठ

इचलकरंजीत घरी शिलाईकाम करणाऱ्या एका ताईंसाठी विचारतोय. कर्जं तीन आहेत आणि तिन्हींचे हप्ते थकलेत.

पहिलं मोबाइल ॲपवरून घेतलेलं, १,२०,००० रुपये, २४ हप्ते. अकरा भरले, पुढचे तीन खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेले. आता सकाळी सातपासून वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येतात. त्यांच्या मावशीला फोन गेला, आणि ज्या दुकानाचे ब्लाऊज त्या शिवतात त्या दुकानदारालाही. परवा व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली: 'लोकअदालत नोटीस, हजर न राहिल्यास अटक वॉरंट'.

दुसरं महिलांच्या गटातून घेतलेलं मायक्रोफायनान्सचं, ४५,०००. दोन आठवड्यांचे हप्ते चुकले. कंपनीचा माणूस रात्री साडेआठपर्यंत उंबऱ्यावर बसून राहतो, 'शिलाई मशीन उचलून नेतो' म्हणतो.

तिसरं पतसंस्थेचं, ८०,०००. दीर जामीनदार. दोघांच्याही नावे सहायक निबंधकांकडून महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या 'कलम १०१'ची नोटीस आलीय, तारीख पुढच्या महिन्यात.

कर्ज बुडवायचं नाही. तिन्ही मिळून महिन्याला सातेक हजार निघू शकतात. कुणाला काय सांगायचं, तक्रार कुठे करायची, आणि खरंच घाबरायला हवं ते कशाला?

खातेवही

तिन्हींना एकच औषध चालणार नाही. ॲप आणि मायक्रोफायनान्स रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येतात, पण दोघांचे नियम वेगळे. पतसंस्था सहकार खात्याखाली. पतसंस्थेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) केली तर ती नुसती परत येते आणि तेवढे दिवस फुकट जातात. मी ॲपपुरतं लिहितो, बाकीचं जाणकार सांगतील.

ॲप म्हणजे कर्ज देणारा नव्हे. मागे कुठली तरी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली कर्ज देणारी वित्त कंपनी) असते, ॲप हा मधला दलाल. खऱ्या कर्जदात्याचं नाव करारात आणि 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) असतं. कागद सापडत नसतील तर पासबुकात कर्जाची रक्कम कुणाच्या खात्यातून जमा झाली ते बघा, कारण नियमाप्रमाणे ती कर्जदात्याकडून थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते. मग रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी तपासा: ती एनबीएफसी नोंदणीकृत आहे का, आणि हे ॲप डिजिटल कर्ज ॲपच्या यादीत आहे का (ही यादी जुलै २०२५ पासून आहे). दोन्हीकडे नाव नसेल तर प्रकरण सायबर फसवणुकीकडे झुकतं. तेव्हा लोकपाल नाही, १९३० हा नंबर आणि सायबर क्राइम पोर्टल. खाली जे लिहितोय ते नोंदणीकृत कर्जदाता सापडला असं धरून.

वसुलीच्या फोनची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७. त्याआधी किंवा नंतर फोन करणं, सतत फोन करत राहणं, नाव न सांगता धमकावणं, नातेवाईक, मित्र किंवा रेफरन्स म्हणून दिलेल्या लोकांच्या खासगीपणात घुसणं, चारचौघांत बदनामी करणं, मोबाइलवर वा समाजमाध्यमांवर अश्लाघ्य मेसेज पाठवणं, खोटी माहिती देणं, हे सगळं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने स्पष्टपणे बंद केलं. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी जबाबदारी कर्जदात्याचीच. 'तो आमचा माणूस नाही' हे उत्तर चालत नाही.

डिजिटल कर्जात आणखी दोन गोष्टी आहेत. वसुलीचं काम एजंटाकडे दिलं तर त्याने संपर्क साधण्याआधी त्याचा तपशील कर्जदाराला ईमेल किंवा एसएमएसने कळवायला हवा. आणि ॲपने फोनमधले संपर्क, कॉल लॉग, फाइल्स यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक, लोकेशन, तेही एकदाच आणि संमतीने. म्हणून पहिला तपास हा: मावशी आणि दुकानदार यांचे नंबर अर्जात रेफरन्स म्हणून दिले होते का? दिले नसतील तर ते आले कुठून, हा तक्रारीतला सगळ्यात वजनदार मुद्दा. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला कुठल्या परवानग्या आहेत त्याचा स्क्रीनशॉट घ्या, नंतर परवानग्या काढा. ॲप लगेच उडवू नका. आधी हप्त्यांचं विवरण, करार, स्टेटमेंट उतरवून घ्या. ॲप उडवल्यावर कागद मागताना लोक हमखास अडकतात.

ताईंनी फोनवर वाद घालायचा नाही. पाच गोष्टी विचारायच्या: तुमचं नाव, एजन्सीचं नाव, कर्जदात्याचं नाव, माझा कर्ज खाते क्रमांक, आणि अधिकारपत्र कुठल्या ईमेलवरून पाठवता. खरा एजंट उत्तर देतो. दारात आला तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र दाखवणं त्याचं काम आहे. आधार, ओटीपी, घरातल्या इतरांचे नंबर काहीही द्यायचं नाही.

नोंद साध्या वहीत: तारीख, वेळ, नंबर, कोण, काय बोलला. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट रोजच्या रोज काढा, कारण बऱ्याच फोनमध्ये जुनी यादी आपोआप पुसली जाते. दुकानदाराला आलेल्या फोनचा स्क्रीनशॉट त्याच्याच फोनवरचा हवा, आणि दोन ओळींचं त्याचं सहीचं निवेदन. व्हॉट्सॲपची चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा, पण मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ उपकरण महत्त्वाचं.

आता तक्रार. ती ॲपच्या चॅटबॉटकडे नाही, कर्जदात्या एनबीएफसीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, ईमेलने. नाव आणि पत्ता की फॅक्ट स्टेटमेंटवर असतो. तक्रार क्रमांक मिळाला की त्या दिवसापासून ३० दिवस मोजा. उत्तर नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर सीएमएस पोर्टलवर (सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन) लोकपालाकडे. पैसे लागत नाहीत. अडलं तर १४४४८ वर विचारता येतं. २०२१ च्या लोकपाल योजनेत नुकसानभरपाईखेरीज मनस्तापासाठी वेगळे १ लाखापर्यंत देण्याची तरतूद केली गेली, पण ती आपोआप मिळत नाही. वहीतल्या नोंदी इथेच कामाला येतात.

तक्रारी फेटाळल्या जातात त्या बहुतेक चार कारणांनी. आधी कर्जदात्याला लिहिलेलंच नसतं. ३० दिवस व्हायच्या आत पोर्टलवर टाकलेली असते. वकिलाने कर्जदाराच्या वतीने दाखल केलेली असते (त्या योजनेत ते चालत नाही, ताईंनी स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीने करावी). नाहीतर मागणी 'कर्ज माफ करा' अशी असते, जे लोकपालाच्या हातात नाही. 'फार त्रास देतात' असं लिहू नका. 'अमुक तारखेला सकाळी ७.०४ ला या नंबरवरून' असं लिहा. आणि परिपत्रकांचे क्रमांक पाठ करत बसू नका. २०२५ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने जुनी परिपत्रकं मोठ्या प्रमाणात एकत्रित निर्देशांमध्ये घेतली, त्यामुळे क्रमांक चुकतात. वागणूक, तारीख आणि वेळ चुकत नाही.

स्टेटमेंट आलं की दंडाचा रकाना तपासा. उशिराचा आकार 'पीनल चार्ज' म्हणून वेगळा दाखवावा लागतो. तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्या आकारावर जीएसटी लावला असेल तर तोही चुकीचा, मात्र हप्ता परत गेल्याचा बाऊन्स चार्ज ही वेगळी बाब आहे.

बिनधास्त

एवढी कटकट कशाला. सिम बदला, तीन वर्षं कुणाला भेटू नका. तीन वर्षांनी कर्ज मुदतबाह्य होतं, कोणी काही करू शकत नाही.

कोर्टाची पायरी

वरच्या सल्ल्याने माणसं बुडतात. मुदत कायद्यात पैशांच्या दाव्याला तीन वर्षं आहेत हे खरं. पण त्या तीन वर्षांत समोरचा हातावर हात ठेवून बसत नाही. नोटिसा करारातल्या पत्त्यावर जातात, कर्जदार नसला तरी लवाद (कोर्टाबाहेर वाद सोडवायला नेमलेला पंच) एकतर्फी निवाडा देतो, आणि निवाड्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते. सिम बदललेल्याला हे बँक खातं गोठल्यावर कळतं.

आता त्या पीडीएफबद्दल. लोकअदालत ही विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली भरते. दाखलपूर्व, म्हणजे अजून कोर्टात दावा न झालेल्या प्रकरणात ती फक्त तडजोड घडवते. हजर राहिलं नाही तर अटक होत नाही, वॉरंट निघत नाही, तडजोड झाली नाही तर प्रकरण तिथेच थांबतं. खरी नोटीस असेल तर तिच्यावर तालुका विधी सेवा समितीचं किंवा जिल्हा प्राधिकरणाचं नाव, प्रकरण क्रमांक, तारीख, जागा असते. कोर्टाच्या आवारातल्या समितीच्या कार्यालयात कागद दाखवून दहा मिनिटांत खात्री होते. बनावट निघाली तर तोच कागद तुमचा पुरावा. न्यायालयाचा शिक्का वापरून खोटं वॉरंट पाठवणं हा साधा दमदाटीचा प्रकार राहत नाही, ती बनावटगिरी होते.

नोटीस खरी निघाली तर मात्र जरूर जा. व्याज-दंड कमी करून हप्ते बांधून घ्यायला ही चांगली जागा आहे. एक सावधगिरी: तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का, त्यावर अपील नाही. भरता येणार नाही अशा आकड्यावर भिडेखातर सही करू नका. 'आज जमत नाही' म्हणून उठून येण्याचा पूर्ण हक्क आहे.

घाबरायचं कशाला, तर चेक आणि ई-मँडेटला. हप्ता थकणं हा दिवाणी मामला. पण सहीचा चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं, आणि बँकेतून आपोआप जाणारा हप्ता अपुऱ्या शिलकीमुळे परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ चं कलम २५. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेकच्या बाबतीत क्रम असा: बँकेकडून परतीची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत कर्जदात्याने लेखी नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर गुन्हा उभा राहत नाही, न भरल्यास पुढच्या महिन्याभरात तो कोर्टात तक्रार करू शकतो. ताईंचे तीन हप्ते परत गेलेत, म्हणजे कलम २५ ची नोटीस येणं शक्य आहे. ती १५ दिवसांची खिडकी वाया घालवू नका. रजिस्टर पोस्ट नाकारणं हा शहाणपणा नाही. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली तरी ती मिळाली असंच कोर्ट धरतं.

वॉरंट येतं ते यानंतर, समन्स मिळूनही कोर्टात न गेल्यावर, आणि कोर्टाकडून पोलिसांमार्फत. एजंटाच्या व्हॉट्सॲपवरून कधीच नाही. कोणी केसचा नंबर सांगितला तर ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकून बघा.

लवादाची नोटीस आली तर उत्तर द्या, गप्प बसू नका. कर्जदात्याने एकट्यानेच लवाद नेमला असेल तर त्याला पहिल्याच उत्तरात लेखी हरकत घ्या. २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा एकतर्फी नेमणुकीला आक्षेप घेतला आहे. निवाडा झालाच तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान द्यायला निवाडा मिळाल्यापासून तीन महिने, फार तर आणखी ३० दिवस.

मशीनबद्दल. दिवाणी हुकूमनामा झाला तरी कारागिराची हत्यारं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जप्तीतून वगळलेली आहेत. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडेही. कोर्टालाच जे सहसा नेता येत नाही ते कंपनीचा माणूस हुकूमनाम्याशिवाय कसा नेणार?

पोलीस ठाण्यात जाताना 'कर्जाचा त्रास' म्हटलं तर 'दिवाणी बाब आहे' हे उत्तर ठरलेलं. कर्ज बाजूला ठेवा, कृत्य सांगा: 'जा' म्हटल्यावरही घरातून न जाणं (भारतीय न्याय संहिता, कलम ३२९), धमकी (३५१), बाईला उद्देशून घाणेरडं बोलणं (७९), पोलीस किंवा कोर्टाचा माणूस असल्याची बतावणी (२०४). अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज, त्यानंतर दंडाधिकारी. माणूस दारात असतानाच ११२.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन किंवा कोर्टातल्या त्याच समितीकडे अर्ज. लवादाचं उत्तर, १०१ ची हरकत, सगळं तिथून करून घ्या.

गटाचा हिशोब

मायक्रोफायनान्सचे नियम ॲपपेक्षा कडक आहेत, १४ मार्च २०२२ च्या निर्देशांतले. वेळ ९ ते ६, ८ ते ७ नाही. साडेआठपर्यंत उंबऱ्यावर बसणं सरळ नियमभंग.

त्याआधीचा प्रश्न: तो घरी आलाच कशाला? वसुली दोघांनी ठरवलेल्या ठिकाणीच करायची, बहुतेकदा गटाच्या बैठकीची जागा. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा कर्जदार तिथे आली नाही, तरच कर्मचाऱ्याला घरी किंवा कामावर जाता येतं. इथे दोन आठवडे चुकलेत, म्हणून ताई त्या दोन बैठकींना हजर होत्या की नव्हत्या हे महत्त्वाचं. पैसे नसले तरी बैठकीला जायचं आणि हजेरीच्या वहीत सही करायची. पैसे नाहीत म्हणून बायका बैठक टाळतात आणि तिथेच घरी येण्याचा दरवाजा उघडून देतात.

हे कर्ज विनातारण असतं, असायलाच हवं. मशीन, गॅस सिलिंडर, टीव्ही, काहीही तारण नाही, त्यामुळे उचलून नेण्याचा प्रश्नच येत नाही. दंड लावला तर थकलेल्या हप्त्यावर, संपूर्ण शिलकीवर नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. ताईंकडे त्यांना कळेल अशा भाषेतलं कर्ज कार्ड असलं पाहिजे आणि त्यावर तक्रारीचा संपर्क छापलेला असतो. कार्ड कर्मचाऱ्याने 'नोंदीसाठी' नेलं असेल तर आधी ते परत मागा. भरलेल्या हप्त्यांचा हातातला पुरावा तेवढाच असतो.

कंपनीला पत्र लिहिताना एक तरतूद नक्की वापरा: परतफेडीत अडचण आलेल्या कर्जदारांना ओळखणं, त्यांच्याशी बोलणं आणि त्यांच्यापुढे कोणते मार्ग आहेत ते सांगणं, यासाठी यंत्रणा ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. 'मला त्या यंत्रणेखाली घ्या, मुदत वाढवून हप्ता कमी करा' अशी लेखी मागणी करा. शाखेतला माणूस नाही म्हणेल, त्याच्या हातात अधिकार नसतो. पत्र मुख्य कार्यालयाला पाठवा. कंपनी सा-धन किंवा एमफिन या स्वनियामक संस्थांपैकी कुणाची सदस्य असेल तर त्यांच्याकडेही तक्रार जाते. लोकपालाचा रस्ता वर आलाच आहे.

गटातल्या बायकांचं दुखणं खरं आहे. कागदावर परस्पर हमी घेतलेली असेल तर कंपनी त्यांच्याकडून कापून घेते. करारात तसं कलम आहे का बघा. पण त्यांना पुढे करून घरापुढे गर्दी जमवणं हमीच्या कलमात बसत नाही.

निबंधक कार्यालय

तिघांत खरी घाई पतसंस्थेची आहे आणि प्रश्नात तिला सगळ्यात कमी जागा मिळालीय. १०१ चा वसुली दाखला एकदा निघाला की थकबाकीचा तो अंतिम पुरावा मानला जातो, आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करता येते. त्याच कायद्याच्या कलम १५६ खालचा वसुली अधिकारी मग नियम १०७ प्रमाणे मागणी नोटीस, जप्ती, लिलाव असा पुढे जातो. तो एजंट नाही, त्याच्याकडे कायद्याचा अधिकार असतो. नेमणुकीचा आदेश आणि दाखल्याची प्रत मात्र त्याला जरूर मागा.

म्हणून भांडण दाखल्यानंतर नाही, आधीच्या सुनावणीत. जायच्या आधी संस्थेकडे लेखी अर्ज देऊन खातेउतारा, कर्जरोखा आणि जामीनपत्राची प्रत घ्या. तपासायचं काय: भरलेल्या सगळ्या पावत्या जमा धरल्यात का (पिग्मी एजंटाकडे दिलेले पैसे इथे हमखास राहतात), व्याजदर रोख्याप्रमाणे आहे का, शेअर्स आणि अनामत ठेव वळती केली का, नोटीस-वकील-वसुली खर्चाची दुबार आकारणी झालीय का. सापडलेली प्रत्येक चूक रकमेसह लेखी हरकतीत घाला, पावत्यांच्या झेरॉक्स जोडा, पोच घ्या. तोंडी बोललेलं रोजनाम्यात येईलच असं नाही.

दाखला निघाल्यावर कलम १५४ खाली विभागीय सहनिबंधकांकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो, मुदत दोन महिने. पण त्यासाठी दाखल्यातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. महिन्याला सात हजार निघणाऱ्या घराने ४० हजार कुठून आणायचे? म्हणून पुन्हा तेच, सुनावणी चुकवू नका.

दिरांबद्दल: कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची, करार कायद्याचं कलम १२८. संस्थेने आधी ताईंकडे जावं असं बंधन नाही, आणि पगारदार माणूस सोपा म्हणून ती जामीनदाराकडेच आधी जाते. त्यांनी भरले तर तेवढे ताईंकडून वसूल करण्याचा हक्क त्यांना मिळतो, म्हणून पावतीवर 'जामीनदार म्हणून भरणा' लिहून घ्यावं.

सात हजारांची वाटणी करायची झाली तर माझ्या मते मोठा वाटा इथे, सुनावणीच्या आधी एक ठोस भरणा आणि सोबत हप्तेबंदीचा अर्ज. सुनावणीत भरणा दिसला की संस्थाही मऊ होते. ॲपवाला जास्त ओरडतो म्हणून त्याला आधी देणं, ही चूक घरोघरी होते.

पंचगंगाकाठ

फार उपयोग झाला. बैठकींना ताई हजर होत्या, सही आहे. मावशीचा नंबर रेफरन्समध्ये दिला होता, दुकानदाराचा नाही. आज ॲपचा एजंट म्हणाला, बाकी ६८,००० आहे, ३०,००० आजच्या आज माझ्या यूपीआयवर टाका, फाइल बंद करतो. आणि एनबीएफसीला लिहायचं पत्र असं केलंय:

'माझ्या कर्ज खाते क्र. ... चे तीन हप्ते आर्थिक अडचणीमुळे थकले असून मी ६८,००० रुपये देणे लागते. दि. ... रोजी सकाळी ७.०४ वाजता व नंतर दिवसभरात ११ वेळा वसुलीचे फोन आले. दि. ... रोजी मी रेफरन्स म्हणून न दिलेल्या व्यक्तीस फोन करून माझ्या कर्जाची माहिती देण्यात आली. वसुली एजंटाचा तपशील मला आधी कळवलेला नाही. कृपया (१) असे फोन थांबवावेत, (२) सदर व्यक्तीचा क्रमांक कोठून मिळाला ते कळवावे, (३) एजंटाचे अधिकारपत्र व खात्याचे पूर्ण विवरण द्यावे, (४) मासिक हप्ता कमी करून मुदत वाढवावी.'

खातेवही

एजंटाच्या यूपीआयवर एक रुपया नाही. डिजिटल कर्जाची परतफेड कर्जदात्याच्या खात्यातच जायला हवी. थकीत कर्जात रोख घेण्याची मुभा आहे, पण ती रक्कम त्याच दिवशी खात्यात पूर्ण जमा दिसली पाहिजे. तडजोड करायचीच तर आधी कंपनीच्या ईमेलवरून पत्र: एकूण किती, कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या खात्यात, आणि भरल्यावर 'नो ड्यूज' किती दिवसांत. पत्रात 'पूर्ण व अंतिम' हे शब्द हवेत, नाहीतर उरलेले ३८,००० दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या नावाने परत येतात. आणि ताईंना आधीच सांगा, क्रेडिट अहवालात अशा खात्यावर 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' येतं, पुढचं कर्ज अवघड होतं. पूर्ण फेडूनही चुकीची नोंद राहिली तर दुरुस्तीला ३० दिवस, पुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.

कोर्टाची पायरी

पत्रातून '६८,००० रुपये देणे लागते' हे काढा. लेखी कबुलीने मुदत नव्याने सुरू होते, मुदत कायद्याचं कलम १८.

खातेवही

जुनं, विकलेलं कर्ज असतं तर मीही तेच म्हटलं असतं. तिथे 'फक्त ५०० भरा' म्हणणाऱ्यांपासून लांब राहायचं. इथे कर्ज चालू आहे, मुदतीचा प्रश्न नाही, आणि थकबाकी नाकारली तर हप्ता कमी करण्याची चौथी मागणी कशाच्या जोरावर करणार? अडचण आकड्याची आहे. ६८,००० हा एजंटाच्या तोंडचा आकडा, विवरण अजून हातात नाही. 'माझे तीन हप्ते थकले आहेत, नेमकी रक्कम विवरण मिळाल्यावर तपासून कळवीन' एवढं ठेवा.

कोर्टाची पायरी

हे चालेल. आणि ७.०४ चा स्क्रीनशॉट पत्रालाच जोडा, नंतर पाठवू म्हणून ठेवू नका.